‘टॉक्सिक’ म्हणजे तक्षक नव्हे

बरेच दिवस फिरत असलेला एक संदेश अखेर माझ्या मावशीपर्यंत पोहोचला आणि तो वाचून तिने रक्तदाबाची रोजची गोळी बंद करण्याचा विचार बोलून दाखवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. ‘टॉक्सिक’ हा इंग्रजी शब्द तक्षक नागाच्या नावावरून आला, टॉक्सिन फक्त कारखान्यात बनते, निसर्गात ते नसतेच, आणि ‘टॉक्सिक माणूस’ हे वैद्यकीय निदान आहे, असे त्यात ठासून सांगितले आहे.

ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१८ साली ‘टॉक्सिक’ची वर्षाचा शब्द म्हणून निवड केली, तेव्हा त्याचे मूळही स्पष्ट केले होते. ग्रीक भाषेत ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य आणि ‘तोक्सिकोन फार्माकोन’ म्हणजे बाणांना लावायचे विष. त्यातला विषवाचक ‘फार्माकोन’ गळून पडला, धनुष्याचा शब्दच विषाला चिकटला आणि लॅटिनमार्गे सतराव्या शतकाच्या मध्यास तो इंग्रजीत शिरला. यात नाग कुठेच नाही. ‘तक्षक’ हा शब्द ‘तक्ष्’ म्हणजे तासणे या धातूपासून बनला असून संस्कृतात सुतारालाही तेच म्हणतात. ‘तोक्सोन’ हा शब्द ग्रीकांनी बहुधा शकांच्या इराणी भाषेतून घेतला असे अनेक अभ्यासक मानतात आणि ती भाषा संस्कृतच्या नात्यातली आहे, एवढे मात्र मान्य करावे लागते.

‘टॉक्सिक माणूस’ हा निव्वळ लाक्षणिक प्रयोग आहे. तसे कोणतेही निदान वैद्यकात नाही.

खरा घातक दावा टॉक्सिनचा आहे, कारण तो शास्त्राच्या नेमका उलट आहे. काटेकोर अर्थाने टॉक्सिन म्हणजे सजीवांनी तयार केलेले विष. मानवनिर्मित विषारी द्रव्याला ‘टॉक्सिकंट’ असा वेगळा शब्द आहे. एरंडाच्या बीमधले रायसिन, घटसर्पाच्या जंतूंचे विष, सापाचे विष हे सारे निसर्गाचेच आहे. उलट कॅप्टोप्रिल हे रक्तदाबावरचे औषध ब्राझीलमधल्या जराराका सापाच्या विषाच्या अभ्यासातून घडले, तेव्हा कारखान्यातली गोळी म्हणजे विष हे समीकरणच खोटे ठरते. ज्ञात विषांपैकी सर्वांत जहाल असे बोट्युलिनम टॉक्सिन मातीतला एक जिवाणू तयार करतो. त्याचे बीजाणू शुद्ध मधातही असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून तिथे विष निर्माण करतात. बाळाची मान लुळी पडते, रडणे क्षीण होते, श्वासही अडखळू शकतो. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका, असे डॉक्टर बजावतात ते याचसाठी, आणि ‘निसर्गात टॉक्सिन नसते’ हे वाक्य नेमके त्याच बाळाच्या आईपर्यंत पोहोचते आहे.