अर्ध्या तासाची सायकल

एकावन्नाव्या वर्षी माणसाने काय करावे, याविषयी आमच्या लातुरात साधारण एकमत आहे. मुलांच्या प्रवेशाचे पाहावे, गावाकडच्या शेतात बोअर घ्यावे, ते कोरडे गेले की थोडे सरकून दुसरे घ्यावे आणि मध्ये सवड सापडलीच तर उपाशीपोटी जाऊन रक्तातली साखर तपासून यावे. मी यांतले काहीही न करता एक बीएमएक्स, म्हणजे मातीच्या ढिगाऱ्यांवरून दामटायची, सायकल जोडायला घेतली. चाके वीस इंची. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. आमच्या आईच्या शब्दांत सांगायचे तर चोराने अर्धी नेऊन उरलेली सायकल.

सुरुवात भाच्याने केली. अमेरिकेहून निघताना त्याने फोनवर "मामा, तुम्हाला काय आणू?" असे विचारले. या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे ठरलेले आहे. आधी "नको रे काही, तू ये म्हणजे झालं" असे म्हणायचे आणि फोन ठेवता ठेवता बदामाचा विषय काढायचा. मी मात्र एका दमात 1980 च्या सुमाराच्या घडणीची बीएमएक्स फ्रेम आणि तिचा पुढचा चिमटा, असे सांगून मोकळा झालो. त्या काळातल्या गाजलेल्या फ्रेमच्या प्रतिकृती हल्ली नव्याने निघतात. त्यांपैकी एक तैवानात घडली, कॅलिफोर्नियात विकली गेली आणि माझ्या बहिणीसाठी ठरलेल्या सेंटच्या बाटल्यांची जागा अडवून लातुरात उतरली. "एवढ्या लांबून लोखंड आणलं?" असे बहीण म्हणाली, तेव्हा ते लोखंड नसून क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेले 4130 जातीचे पोलाद आहे, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितले. तेव्हापासून ती माझ्याशी सणावारापुरतेच बोलते.

या वेडाचे मूळ शोधायचे तर 1982 सालच्या त्या हॉलिवूडपटापर्यंत जावे लागेल, ज्यात परग्रहावरच्या पाहुण्याला हँडलपुढच्या टोपलीत बसवून मुले आकाशातून सायकली नेतात. त्या सायकली जपानमधल्या कुवाहारा कंपनीच्या होत्या. (त्याच वर्षी उस्मानाबादमधून फुटून लातूर जिल्हा झाला, पण गावातली मोठी माणसे त्या घटनेविषयी जितक्या उत्साहाने बोलत, तितक्या उत्साहाने सायकलीविषयी कोणीच बोलत नसे.) आमच्याकडे तो चित्रपट चार-पाच वर्षांनी, एका नातेवाइकाच्या घरी भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर पोहोचला. इतर मुले परग्रहवासीयाकडे पाहून रडली. मी हँडलवरच्या आडव्या दांडीकडे पाहत राहिलो.

प्रत्यक्षात माझ्या वाट्याला आली ती भाड्याची सायकल. गावातल्या गंजगोलाई या गोल बाजारपेठेला 16 रस्ते फुटतात. त्यांतल्या एका रस्त्याच्या तोंडाशी सायकलचे दुकान होते आणि तिथे लहान मुलांसाठी आखूड केलेली एक सायकल तासाला 50 पैशांनी मिळे. माझ्याजवळ चाराणे असत, म्हणून माझी मजल अर्ध्या तासापर्यंत. दुकानदाराचा मुलगा माझ्याच वयाचा होता. तो वहीत वेळ मांडून ठेवी आणि परत आल्यावर आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे असे पाही, की पाच मिनिटे उशीर झालेला माणूस जन्मठेपेला पात्र वाटावा. तोच मुलगा आज उस्ताद आहे. दाढी पांढरी झाली असून दुकान तेच आहे, घड्याळही तेच आहे.

फ्रेम घेऊन मी त्याच्याकडे गेलो, तेव्हा उस्तादांनी ती दोन्ही हातांनी उचलून दिव्याखाली धरली. मागच्या चाकाचा आस बसतो, त्या टोकाला वरची आणि खालची नळी वेगवेगळी नसते. एकच नळी वळवून परत वर नेलेली असते. त्या वळणावरून त्यांनी तीनदा बोट फिरवले.

"काम एक नंबर हाय सर," ते म्हणाले. "पण बाकीची कुठं ठेवलाव?"

बाकीची जमवायला साडेसात महिने लागले.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. 'लातूर पॅटर्न' हा शब्द ज्यांनी ऐकला आहे त्यांना ठाऊक असेल, की या गावात एकेका गुणासाठी केवढा जीव काढला जातो. परंतु एकेका मिलीमीटरसाठी जीव कसा जातो, हे मला चाके घेताना प्रथम कळले. वीस इंची टायर म्हणजे वीस इंची रिंगवर बसणारे टायर, अशी माझी भाबडी समजूत होती. मी आणलेल्या टायरवर 20 गुणिले 1.75 असे छापलेले होते. उस्तादांनी माळ्यावरून काढलेली रिंग 20 गुणिले एक पूर्णांक तीन अष्टमांश या मापाच्या टायरची होती. टायरची कड जिथे बसते तो व्यास पहिल्यात 406 मिलीमीटर आणि दुसऱ्यात 451. दोघेही स्वतःला वीस इंची म्हणवतात आणि दोघांमध्ये साडेचार सेंटीमीटरची तफावत. त्याहून संतापजनक गोष्ट अशी, की टायरच्या जगात दशांश अपूर्णांक आणि व्यवहारी अपूर्णांक यांची सोयरीक जमत नाही: 1.75 आणि एक पूर्णांक तीन चतुर्थांश ही गणिताने समान असली तरी वेगवेगळ्या रिंगांची मापे ठरतात. हे वाचल्यावर मी दोन दिवस वर्गात अपूर्णांकांचा उल्लेख टाळला.

खरे म्हणजे मला आरे असलेली चाके नकोच होती. मला हवी होती ती काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, पाच जाड पाती असलेली चाके, जी कॅलिफोर्नियातल्या रेडिंग गावची स्कायवे कंपनी करते. भाच्याने त्यांची किंमत रुपयांत कळवली, आणि मी 36 आऱ्यांच्या पारंपरिक सौंदर्यावर एक छोटे भाषण देऊन तो विषय मिटवला.

आरे भरून झाल्यावर उस्तादांनी चाकातला आउट काढला, तो प्रसंग मात्र पाहण्यासारखा होता. चाक चिमट्यात उलटे टांगलेले, एका हातात खडू, दुसऱ्या हातात आऱ्यांची छोटी किल्ली. चाक फिरे, खडू रिंगच्या कडेला जेमतेम टेके, आणि जिथे रिंग बाहेर आलेली असेल तिथेच पांढरी रेघ उमटे. मग त्या रेघेजवळचा एक आरा पाव वळसा आवळायचा, समोरच्या बाजूचा तितकाच सैल करायचा. मधूनच ते नखाने आरा छेडत आणि कान देत. ज्याचा सूर उतरलेला असेल तो ढिला. ताण वाढला की कंप्रता वाढते, हे सूत्र मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. उस्ताद ते ऐकत होते.

हँडलचे प्रकरण 1.1 मिलीमीटरचे. हँडल धरणारा जो खुंट चिमट्याच्या नळीत उतरतो, त्याची जाडी जुन्या अमेरिकी बीएमएक्समध्ये 21.1 मिलीमीटर असते. बाजारात मिळत होता तो 22.2 चा. प्रतिकृती करणाऱ्याने इमान राखून जुने माप तसेच ठेवले होते आणि त्याच्या इमानाची किंमत मी मोजत होतो. खुंट नळीच्या तोंडावर ठेवून उस्ताद म्हणाले, "बसंना गेलंय." मी जोर लावून पाहण्याचा प्रस्ताव मांडला. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की मला पुन्हा बारा वर्षांचा झाल्यासारखे वाटले. अखेर एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याने सर्व बाजूंनी अर्ध्या मिलीमीटरहून किंचित जास्त कातून दिले. ट्रॅक्टरच्या अवजारांचा रोजचा गाडा थांबवून त्याने हे काम घेतले, आणि झाल्यावर "नातवाची का?" असे प्रेमाने विचारले. मी होकार दिला. त्या दिवसापासून मला एक काल्पनिक नातू आहे. तो फार हट्टी आहे आणि त्याला सगळे भाग जुन्याच मापाचे लागतात.

सगळ्यात मोठी अडचण क्रँकची, म्हणजे ज्याच्या टोकाला पायडल बसते त्या दांड्याची होती. आपल्या साध्या सायकलीत मधला आस वेगळा आणि दोन्ही बाजूंच्या क्रँक कॉटरची खीळ ठोकून बसवलेल्या असतात. माझ्या फ्रेमला लागत होती ती अमेरिकी धाटणीची अखंड क्रँक, म्हणजे डावा हात, आस आणि उजवा हात अशी एकच पोलादी कांब वाकवून केलेली. तिच्यासाठी फ्रेमला 51.3 मिलीमीटरचे रुंद भोक होते. साधा सेट त्या भोकातून आरपार गेला असता. उस्तादांनी सांगून ठेवले, मी सांगून ठेवले, भंगारवाल्यांना सांगून ठेवले. मार्चमध्ये सुरू झालेला शोध पोळ्यापर्यंत आला, आणि मग एका संध्याकाळी मी शेजारच्या निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे चहाला गेलो असता, त्यांच्या गॅलरीत टॉवेल वाळत घातलेल्या व्यायामाच्या सायकलीकडे माझे लक्ष गेले. टॉवेल बाजूला करून पाहिले, तर आत अखंड क्रँक!

त्या यंत्राने व्यायाम घडवल्याची आठवण घरात कोणालाच नव्हती. तरीही ते मागताना मला एखाद्या घरी मुलगी मागायला गेल्यासारखे अवघडायला झाले. वहिनींनी, टॉवेल वाळत घालायला दुसरी सोय करून देण्याच्या अटीवर, संमती दिली. आजही त्यांच्या गॅलरीतली नायलॉनची दोरी माझ्या खर्चाची आहे.

क्रँक बाहेर काढायची म्हणजे आधी डावे पायडल सोडवावे लागते, मग त्या बाजूचा नट आणि कोन (छर्रे जागेवर धरणारी कडी), आणि मग अख्खी कांब उजव्या बाजूने तिरकी करत ओढून काढायची. मी पाना लावला आणि अंगातली होती नव्हती ती सारी ताकद पणाला लावली. पायडल हलेना. पान्यावर उभा राहिलो. पाना सटकला, नडगी फुटली. नडगीला हळद लावताना मला आठवले, की डाव्या पायडलचे आटे उलटे असतात आणि मी अर्धा तास ते आवळत होतो.

दुसऱ्या दिवशी मी ते धूड ऑटोत घालून दुकानात नेले आणि झाल्या फजितीची भरपाई म्हणून उस्तादांना उलट्या आट्यांचे कारण समजावून देऊ लागलो. दुकानातल्या पोराच्या बहिणीची बांगडी मागवली, तिच्यात पेन्सिल घातली, आणि पेन्सिल बांगडीच्या आतल्या कडेने एका दिशेने फिरवत नेली की ती स्वतःभोवती उलट दिशेने कशी गरगरते, ते दाखवले. पायाचा भार असाच पायडलच्या आसावर फिरत राहतो, म्हणून डाव्या बाजूला सरळ आटे दिले तर चालता चालता पायडल सुटून येईल. मी मान वर केली, तेव्हा पायडल, नट, कोन आणि क्रँक हे सारे रॉकेलच्या डब्यात पडलेले होते आणि उस्ताद हात पुसत होते.

"आमचे अब्बा म्हणायचे, डावं ते उलटं," ते म्हणाले. "पण बांगडीचं भारी हाय सर."

क्रँकवरच्या चक्रीचे दाते मोजले तर 46 भरले. जुन्या शर्यतींतली प्रसिद्ध जोडी पुढे 44, मागे 16 अशी असते. दोन दाते जास्त म्हणजे पायडलच्या दर फेरीला सायकल सुमारे 20 सेंटीमीटर, जवळजवळ एक वीतभर, जास्त धावणार आणि चढाला तितकीच मांडी भरून येणार. मी हळहळलो. पण लातुरात चढ कुठे आहे, असे उस्तादांनी विचारल्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पायडल मात्र व्यायामाच्या सायकलीचीच ठेवावी लागली, कारण अखंड क्रँकला अर्ध्या इंचाचे आटे असतात आणि दुकानातली सारी पायडल नऊ सोळांश इंचाची निघाली. सीट, चेन आणि ब्रेक विनातक्रार बसले. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

खरा वाद शेवटी झाला. सायकल उभी राहिली (म्हणजे भिंतीला टेकवली, स्टँड नव्हताच) आणि उस्तादांनी आतून मडगार्डची जोडी आणली. मी त्यांना सांगितले, की 1970 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियातली पोरे श्विन स्टिंग-रेसारख्या सायकली घेऊन मातीच्या ढिगाऱ्यांवर मोटोक्रॉसवाल्यांची, म्हणजे मातीत मोटरसायकली पळवणाऱ्यांची, नक्कल करू लागली आणि या खेळासाठी अडगळ वाटेल ते सारे त्यांनी काढून टाकले. त्या उद्योगाचेच पुढे बीएमएक्स झाले आणि 2008 मध्ये बीजिंगला तो ऑलिंपिकमध्ये गेला. मडगार्ड नसणे हीच या सायकलीची ओळख आहे. उस्तादांनी सारे शांतपणे ऐकून घेतले.

"तिथं काळी माती नसंल," ते म्हणाले.

पहिली फेरी मी रविवारी सकाळी मारायची ठरवली, कारण त्या वेळी माझे विद्यार्थी क्लासमध्ये असतात. गुडघे हँडलला आपटत होते, सीट इतकी खाली की उकिडवे बसून प्रवास चालल्याचा भास होत होता. गोलाईला एक वळसा घातला. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या वळशाला हाताला सूर सापडला. बसस्थानकाच्या बाजूने, मग एका बांधकामापुढच्या मुरमाच्या ढिगाकडे गेलो. ढीग गुडघाभरच होता. चढलो. पुढचे चाक क्षणभर खरोखर अधांतरी होते, आणि मग खाली सराटे होते.

पुढच्या टायरातली हवा गेल्यावर सायकल हाताने ढकलत दुकानापाशी आलो. उस्तादांनी घमेले पुढे ओढले. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, तेव्हापासून ते पंक्चरच्या घमेल्यात चार बोटांहून जास्त पाणी घेत नाहीत. ट्यूब बुडवून त्यांनी एका ओळीत आलेले पाच बुडबुडे मला दाखवले, ट्यूब पुसली आणि डोळे वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग माझ्याकडे पाहिले.

"बारा मिनिटं वर झाले," ते म्हणाले.

माझा हात खिशात गेला.