फुली मारली, पण माग चालूच

संगणकावरच्या खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातली फुली दाबली की खिडकी जाते. प्रोग्रॅमही जातो, ही आपली समजूत. निदान सोलापुरात तरी ती नसावी. कारखान्याचं शटर खाली ओढलं म्हणून आतले माग थांबत नाहीत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचे नग मोजणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिणारी आमची जमात नेमकी इथेच घसरते.

प्रकार साधा असतो. मागावरचा काउंटर केबलमधून आकडे पाठवतो, पायथन या भाषेतला प्रोग्रॅम ते वाचतो आणि टीकिंटरच्या (पायथनच्या खिडक्या काढणाऱ्या संचाच्या) खिडकीत ‘आजचे नग’ म्हणून दाखवतो. ‘सुरू करा’ हे बटण दाबलं की आत एक व्हाइल ट्रू, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करणारा, न संपणारा लूप, फिरू लागतो. आणि खिडकी गोठते. डोक्यावर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’, चेहरा पांढराफटक. कारण क्लिक घेणं, आकडा रंगवणं, फुली ऐकणं ही सगळी कामं एकटा मेनलूप, म्हणजे टीकिंटरचा स्वतःचा लूप, करतो आणि तो तुमचं फंक्शन परत येण्याची वाट बघत बसलेला असतो. मालक फुली सात वेळा दाबतात. सातही क्लिक रांगेत उभे राहतात.

मग कोणीतरी शहाणा सांगतो, लूपमध्ये रूट.अपडेट घाला, म्हणजे मुख्य खिडकी (रूट) दर फेरीला साचलेली कामं उरकेल. घातलं की खिडकी हलते, आकडे पळतात, सगळे खूश. खरी पोटदुखी इथून सुरू होते. फुली दाबली की खिडकी मोडीत निघते, पण लूपला कोणी कळवलेलंच नसतं. तो पुढच्या फेरीत लेबलवर, म्हणजे खिडकीतल्या आकड्याच्या जागी, आकडा लिहायला जातो आणि टीसीएल एरर घेऊन आपटतो: इनव्हॅलिड कमांड नेम. घर पाडल्यावर त्याच पत्त्यावर पत्र टाकायला गेलेल्या पोस्टमनसारखं. ही एरर त्यातल्या त्यात बरी, कारण प्रोग्रॅम निदान मरतो. मला भीती वाटते ती एरर नको म्हणून नुसतं एक्सेप्ट आणि पास (एरर पकडा आणि काही न करता पुढे जा) लिहिणाऱ्यांची. तिथे प्रोग्रॅम मरतच नाही. खिडकीविना, चेहऱ्याविना, मुंजासारखा फिरत राहतो. चार कोअरच्या मशीनवर टास्क मॅनेजरमध्ये पायथन २५ टक्क्यांच्या आसपास ठाण मांडून बसलेला दिसतो आणि एप्रिलच्या सोलापुरात त्या सीपीयूचा पंखा गिरणीसारखा ओरडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम उघडला की उत्तर येतं: परमिशन एरर १३, ॲक्सेस इज डिनाइड. केबल ज्यातून बोलते तो कॉम पोर्ट कालच्या मुंजाच्या ताब्यात. पण आधी केबल बदलली जाते, मग ड्रायव्हर नव्याने टाकला जातो, मग काउंटरवाल्याला फोन जातो. ‘साहेब, काल बंद केलं की मी!’ हे मालकांचं म्हणणं शंभर टक्के खरं असतं.

काम हलकं असेल तर उपाय म्हणजे आफ्टर. एक फेरी करून परत येणारं फंक्शन लिहायचं आणि शेवटी त्यानेच रूट.आफ्टर(२००, मोजा) म्हणायचं, म्हणजे २०० मिलिसेकंदांनी पुन्हा बोलावणं. मोजा पुढे कंस लावू नका. लावलात तर ते तिथल्या तिथे स्वतःलाच हाका मारत सुटतं आणि हजारेक हाकांनंतर रिकर्शन एरर येते. आफ्टर जो क्रमांक परत देतो तो जपून ठेवायचा, म्हणजे बंद करताना आफ्टर कॅन्सलला देता येतो. बंद करण्याचं फंक्शन रूट.प्रोटोकॉलमधून डब्ल्यूएम डिलीट विंडोला, म्हणजे फुली दाबल्याच्या निरोपाला, बांधायचं. त्यात डिस्ट्रॉय, म्हणजे खिडकी मोडायची आज्ञा, लिहायला विसरलात तर मात्र फुली नुसती शोभेची उरते.

वाचायला वेळ लागत असेल तर वेगळा थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममध्येच बाजूला चालणारा कामाचा धागा, हवा. धाग्याबद्दल सोलापूरकराला कोणी काय शिकवावं! ताण्यातला (उभा) धागा तुटला की त्यावर टांगलेली ड्रॉप वायर खाली पडते आणि माग आपोआप थांबतो. संगणकातल्या धाग्याला अशी तार आपणच लावावी लागते. तिचं नाव इव्हेंट: ‘सेट’ केला की थांबायचं, अशी खूण. लूप ‘जोवर इव्हेंट सेट नाही तोवर’ असा फिरवायचा आणि विश्रांतीसाठी स्लीप(६०) ऐवजी इव्हेंटचं वेट(६०) वापरायचं. स्लीप पूर्ण मिनिट घोरतं, वेट हाक मारताच उठतं. पोर्टला टाइमआउट, म्हणजे वाट बघायची मर्यादा, १ सेकंद द्यायचा. मुळात तो काहीच नसतो, आणि मग जेवणाच्या सुट्टीत माग बंद असताना धागा पुढच्या आकड्याची अनंतकाळ वाट बघतो. इव्हेंट सेट झाला काय, न झाला काय, त्याला पत्ताच नाही.

डीमन थ्रेड (मुख्य प्रोग्रॅमबरोबर आपोआप मरणारा धागा) करून मोकळं व्हायचा मोह होतो. नुसतं घड्याळ दाखवायचं असेल तर खुशाल करा. फाइल लिहिणाऱ्या धाग्याला ते करू नये. मुख्य प्रोग्रॅम संपताच त्याचा गळा दाबला जातो आणि शेवटची ओळ अर्धी राहू शकते. जुन्या मागावर धोटा (आडवा धागा नेणारा) पेटीत पोचायच्या आत ताण्यात अडकला की किती धागे तुटतात, ते बघितलेल्याला हे पटेल.

निरोपाचा क्रम आपल्या घरच्यासारखाच. पाहुणे ‘येतो’ म्हणाले म्हणून कोणी लगेच कडी लावत नाही. आधी इव्हेंट सेट करायचा, खिडकीत ‘थांबतोय…’ लिहायचं, आणि दर १०० मिलिसेकंदांनी आफ्टरमधून धागा जिवंत आहे का ते बघायचं. तो गेला की पोर्ट, मग फाइल, शेवटी डिस्ट्रॉय. बंद करण्याच्या फंक्शनमध्ये सरळ जॉइन, म्हणजे ‘धागा संपेपर्यंत थांब’, म्हणून ठाण मांडू नका. धागा लेबलला हात लावण्यासाठी मेनलूपची वाट बघत असेल, तर मेनलूप धाग्याची आणि धागा मेनलूपची, ‘आधी तुम्ही’ करत दोघंही दारातच. म्हणून धाग्याने लेबलला हातच लावू नये. आकडे क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, टाकावेत; तिथून ते मेनलूपने उचलावेत. फुली दोनदा दाबली तर हे सगळं दोनदा सुरू होऊ नये म्हणून एक झेंडाही (‘बंद करणं सुरू झालंय’ अशी नोंद) ठेवावा.

मग तपासणी. माग चालू असताना बंद करा, केबल उपटून बंद करा, फुलीवर घाईने दोनदा टिचकी मारून बंद करा. प्रत्येक वेळी टास्क मॅनेजरमध्ये आपला पायथन उरला नाही ना ते बघा आणि लगेच प्रोग्रॅम पुन्हा उघडा. पोर्ट मिळाला पाहिजे.

एवढं सगळं झाल्यावर संध्याकाळी मालक फुलीकडे बघतही नाहीत. जाता जाता मेन स्विच पाडतात. त्यासाठी दर मिनिटाला फाइल फ्लश करून एफसिंक करावी, म्हणजे तोवर लिहिलेलं डिस्कवर उतरतं.