उत्तर बरोबर, रीत चूक

मागच्या शनिवारपासून आमच्या फ्रीजवर एक कागद चिकटवलाय. त्यावर एक वजाबाकी आहे, तिचं उत्तर बरोबर आहे, आणि खाली जांभळा शिक्का: वाकड्या तोंडाचा बाहुला आणि 'पुन्हा प्रयत्न करा'. कागद माझा आहे. चिकटवणारी पोरगी तिसरीत आहे. आणि मी गेली अठरा वर्षं पतसंस्थेत कॅशवर बसतो.

शाळेत पालक कार्यशाळा होती. पहिली ते तिसरी, गणित आणि इंग्रजी, हजेरी सक्तीची. बायको म्हणाली, "मागल्या टायमाला मी गेलतो, आता तुम्ही जावा." (परगावच्या वाचकांसाठी: कोल्हापुरात बायकाही 'गेलतो' म्हणतात. छापण्यात चूक नाही.) गेलो. बसायला पोरांचे बाक. गुडघे हनुवटीला टेकवून माणसाला स्वाभिमान राखता येत नाही, हे तिथंच कळलं.

सुरुवात इंग्रजीनं. आता म्हणे एबीसीडी नंतर, आधी आवाज. 'बी' म्हणायचं नाही. 'ब'सुद्धा नाही, कारण त्याच्या शेपटीला 'अ' लटकतो. नुसतं 'ब्'. बी-ए-टी कितीही घोकलं तरी त्यातून बॅट निघत नाही, ब्-अ‍ॅ-ट् मधून निघते. पटलं, खोटं कशाला बोलू? पण चाळीस थोराड माणसांनी एका सुरात पाय मोडका 'ब' म्हणणं ऐकवत नाही. 'एम'च्या वेळी ओठ मिटून 'म्म्म' करायला लावलं, तेव्हा तर वर्गाचा गंगावेशीतला म्हशींचा दूध कट्टा झाला, फक्त धारा काढायच्या बाकी होत्या. एवढं झाल्यावर टीचर म्हणाल्या, 'द' आणि 'सेड' अशा काही शब्दांना ही रीत पुरती लागत नाही, ते बघून बघून पाठच करायचे. म्हणजे आमच्यावेळी होतं तेच!

मग गणित. फळ्यावर ५०३ वजा २६७. मी चार सेकंदांत २३६ लिहून पेन खाली ठेवलं आणि इकडंतिकडं बघितलं. तेच नडलं. टीचर थेट माझ्याकडं आल्या.

"पप्पा, हा खाली एक कुठून आला?"

"हातचा."

"कुणाच्या हातचा?"

आता ह्यावर काय बोलणार? आमच्या गुरुजींनी सांगितलं, वरच्याला दहा द्यायचे आणि खाली शेजारच्याला एक द्यायचा. दिला. पस्तीस वर्षं देतोय. कुणी हिशेब मागितला नव्हता. खरं कारण मला सोमवारी अंघोळ करताना सुचलं: वरही दहा वाढवले, खालीही दहाच वाढवले, मग फरक तेवढाच राहणार. पण शनिवारी मी नुसता "तसंच असतं" म्हणालो आणि शिक्का बसला.

माझ्या शेजारच्या बाकावर एक आजोबा होते. टोपी, नेहरू शर्ट, पायांत करकरणारं कापशी पायताण. लेक पुण्याला, सून ड्यूटीवर, म्हणून नातवासाठी हे आले होते. चाळीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी. 'म्म्म'च्या वेळी त्यांनी तोंड उघडलं नव्हतं (तसं उघडायचं नव्हतंच). त्यांच्या कागदावर एकाखाली एक फक्त तीन आकडे होते: ३, ३०, २०३.

"आजोबा, मांडणी कुठाय?"

"मांडायचं काय त्यात? दोनशे सदुसष्टात तीन घातलं, दोनशे सत्तर. तीस घातलं, तीनशे. फुडं पाचशे तीनला दोनशे तीन कमी. झालं की दोनशे छत्तीस."

टीचरचे डोळे चमकले. "आजोबा, हीच तर संख्यारेषा! तुम्ही रेषेवर उड्या मारत पुढं गेलात."

"उड्या कुठल्या ओ बाई? समोर गिऱ्हाईक हुबं असतंय. त्येच्या हातावर एकेक नोट ठेवत मोजायचं. वजाबाकी करत बसलो असतो तर अडत बुडाली असती."

टाळ्या पडल्या. मग टीचरनी आइस्क्रीमच्या काड्यांचे रबर लावलेले गठ्ठे काढले. दहा काड्यांचा दशक, दहा दशकांचं शतक. ५०३ मध्ये दशक शून्य, म्हणून एक शतक सोडवायचं, दहा दशक मोकळे करायचे, त्यातला पुन्हा एक दशक सोडवायचा, नऊ उरतात, सुट्या काड्या तेरा होतात... मागच्या बाकावर कुणीतरी जांभई दिली. आजोबा म्हणाले, "म्हंजे शंभराची मोड करायची, सरळ सांगा की!"

वर्ग अख्खा हसला, टीचरसुद्धा. आणि मी, जो दिवसभर काचेच्या आडून शंभराची मोड देत असतो, त्याच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आजोबांच्या नेहरू शर्टावर सोनेरी चांदणी चिकटली. मग थांबतात कसले? पाव-अर्ध्याचे पाढे, म्हणजे पावकी-निमकी झाली, औटकी झाली: साडेतीन, सात, साडेदहा, चौदा. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेल्या गावात साडेतीनाचा पाढा यायलाच पाहिजे, असं वर सुनावलं. चाळीसपैकी एकालाही येत नव्हता.

टीचरनी आणखी एक सांगितलं. पोरं त्रेसष्ट ऐकतात आणि ३६ लिहितात, कारण मराठीत तीन आधी ऐकू येतो. माझी पोरगी हेच करायची, मी तिला वेंधळी म्हणायचो. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ह्याच कारणानं 'साठ तीन' असं वाचायची सोय आली, तेव्हा महाराष्ट्र खदाखदा हसला होता. मीही चार ग्रुपवर विनोद ढकलले होते. आता कुठल्या तोंडानं परत घेऊ?

पण एक विचारतो. ह्याच गावात १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोर शाळेत न घालणाऱ्या बापाला महिन्याला १ रुपया दंड. आता पोर घालतो, फी भरतो, पुस्तकं-वह्या शाळा सांगेल त्याच दुकानातून घेतो, आणि वर शनिवारी बापालाच बाकावर बसवून म्हणतात, "हे आता घरी करून घ्या." घरीच करायचं, तर फी कसली घेता? हे मी तिथं बोललो नाही. शिक्का बसलेल्या माणसाला बोलायला जागा नसते. शेवटी आभार मानताना टीचर म्हणाल्या, "पप्पा, मनाला लावून घेऊ नका हं." म्हणजे लावून घेतलंय हे दिसत होतं.

बाहेर टपरीवर चहाला थांबलो. मागून करकर आवाज आला. चांदणी अजून छातीवर होती. आजोबांनी चहा घेतला आणि टपरीवाल्यापुढं शंभराची नोट धरली. त्यानं मान हलवली. आजोबा माझ्याकडं वळले.

"काय ओ, कॅशवर असता न्हवं तुमी? शंभराची मोड हाय का?"

माझ्या वरच्या खिशात पन्नासाच्या दोन नोटा होत्या. "नाही ओ," म्हटलं.