व्यवसायाचा रकाना

फोटो परत आला. काउंटरवरच्या बाईंनी त्यावर पारदर्शक प्लास्टिकची मापपट्टी ठेवली, जरा वर घेतली, जरा खाली घेतली आणि मेलेलं झुरळ उचलावं तसा फोटो दोन बोटांत धरून माझ्याकडे सरकवला. "लहान आहे. पुढचा!" रहिवासी परवान्याच्या नूतनीकरणाची अख्खी सकाळ तीन शब्दांत निकालात निघाली.

फोटो लहान नव्हता हो, लहान झाला होता. मागतात 35 बाय 45 मिलिमीटर, त्यात हनुवटीपासून टाळूपर्यंत चेहरा 32 ते 36. फाइल बरोबरच असते. घोळ होतो तो छापताना. प्रिंटच्या खिडकीत 'फिट टू पेज'वर आधीच टिक असते, प्रिंटर कागदाच्या कडा सांभाळायला सगळं 97 टक्क्यांवर आणतो आणि 45 चे साडेत्रेचाळीस होतात. डोळ्यांना कळत नाही, मापपट्टीला कळतं. 'अ‍ॅक्च्युअल साइझ' निवडायचं आणि कात्री लावण्याआधी पट्टीने मोजून घ्यायचं, दुसरा उपाय नाही. बाकी ओठ मिटलेले, नजर समोर, चष्म्यावर चकाकी नको, हसू तर नकोच नको. परवान्याच्या फोटोत हसलं की अर्ज बाद. देणगीदारांना दर महिन्याला जाणाऱ्या प्रार्थनापत्रातल्या फोटोत नाही हसलं की त्यांचे काळजीचे निरोप.

तर मी ख्रिस्ती सेवक. मंडळीने, म्हणजे चर्चने पाठवलेला, परदेशात राहणारा. देशाचं नाव घेत नाही, कारण खिडकी कुठेही गेलं तरी तीच. परवाना हवा तर भाडेकरार दाखवा, भाडेकरार हवा तर बँकेतलं खातं दाखवा, खातं हवं तर परवाना दाखवा. हे चक्र कुठेतरी फोडावं लागतं. आधी आलेल्या एखाद्या सहकाऱ्याच्या पत्त्यावर राहत असल्याची नोंद करायची, त्याच्या घरमालकाचं सहीनिशी संमतीपत्र घ्यायचं आणि तिथून सुरुवात करायची. सेमिनरीत, म्हणजे सेवक घडवणाऱ्या शाळेत, ग्रीक क्रियापदं घोटून घेतात. यावर एक तास नाही.

खिडकीपासून वळलो तो थेट फोल्डरवाल्या काकांच्या तावडीत. असल्या प्रत्येक कार्यालयात असे एक गृहस्थ असतातच. त्यांचं स्वतःचं काम झालेलं कुणी पाहिलेलं नाही. काखेत जाडजूड फोल्डर, त्यातून रंगीबेरंगी चिकटकागदांची टोकं बाहेर आलेली, खिशात स्टीलची सहा इंची पट्टी, आणि रांगेतल्या सगळ्यांच्या कागदांवर जन्मसिद्ध हक्क. त्यांनी न विचारता माझा फोटो घेतला, पट्टी लावली आणि तृप्त चेहऱ्याने मान हलवली.

"साडेत्रेचाळीस. मी लांबूनच ओळखलं होतं."

"मग आधी सांगायचं ना!"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

फोटो परत द्यायचं राहिलं बाजूला, त्यांनी अर्जही ओढून घेतला आणि व्यवसायाच्या रकान्यावर बोट ठेवलं. तिथे मी 'धार्मिक सेवक' लिहिलं होतं. व्हिसा ज्या वर्गातला, तेच अर्जात लिहावं लागतं. व्हिशावर एक आणि अर्जावर दुसरं असलं की फाइल वरच्या मजल्यावर जाते, आणि वरून फायली सहसा खाली येत नाहीत.

"म्हणजे करता काय?"

"मंडळीचं काम."

"बांधकाम?"

"नाही, माणसांत काम."

"म्हणजे कंपनीसाठी भरती?"

"नाही हो. लोकांना भेटतो, त्यांचं ऐकून घेतो, शास्त्र शिकवतो, आजाऱ्यांकडे जातो, प्रार्थना करतो."

"ते कळलं. काम काय करता?"

एव्हाना मागच्या चार-पाच जणांनी मोबाइल खाली ठेवले होते. रांगेत फुकटची करमणूक कोण सोडतो!

"पगार कोण देतं?"

"देणगीदार आहेत. जमेल तसं थोडंथोडं पाठवतात."

"बदल्यात त्यांना काय मिळतं?"

"पत्र."

"कसलं पत्र?"

"महिन्याला एक. इकडे काय चाललंय, त्याचं."

काका रांगेकडे वळले. "पैसे हे लोक भरतात आणि मिळतं काय, तर पत्र!" मग पुन्हा माझ्याकडे वळून, "वाचतात का ते?"

यावर मी घुटमळलो. पत्र किती जणांनी उघडलं हे पाठवणारं सॉफ्टवेअर सांगतं. ते आकडे बघायची सवय सेवकाच्या आध्यात्मिक प्रकृतीला मानवत नाही, एवढंच सांगतो.

"बरं, आजचं काय लिहिणार?"

"आजचं काय लिहिण्यासारखं आहे?"

"तेच तर म्हणतोय मी," काका म्हणाले. "सकाळपासून इथे उभे आहात. या सकाळचे पैसे भरलेत ना त्यांनी?"

मला राग आला. अजून गेलेला नाही. उत्तर नव्हतं अशातला भाग नाही. जे काही करता ते माणसांसाठी नव्हे, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं वचन (3:23) असल्या प्रसंगी प्रत्येक सेवकाच्या जिभेवर तयार असतं. पण स्टीलची पट्टी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला ते ऐकवून उपयोग काय? शिवाय मागचं वचन वाचलं तर कळतं की पौल तिथे दासांशी बोलतोय. अहवाल सादर करणाऱ्यांशी नाही.

माझा निकाल लावून काकांनी पुढचं सावज धरलं. एका पोराने पोलीस दाखल्याची पिन स्कॅनिंगसाठी काढून नंतर दुसरी मारली होती. अ‍ॅपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) दाखल्याला पिनने जोडलेलं असलं तर त्या पिनेला हात लावायचा नाही. जुनी छिद्रं दिसली की कागदाशी छेडछाड झाली असं धरतात, आणि दाखल्याची मुदत मुळात तीन ते सहा महिन्यांची, त्यामुळे नवा मागवेपर्यंत बाकीचे कागद शिळे होऊ लागतात. काकांनी त्याला खाली बसवून क्रमच लिहून दिला. आधी मूळ दाखला, मग त्यावर अ‍ॅपॉस्टिल, भाषांतर सगळ्यात शेवटी, कारण अ‍ॅपॉस्टिलच्या मजकुराचंही भाषांतर लागतं. लोक घाईने आधी भाषांतर करून घेतात आणि दुप्पट पैसे घालवतात. स्कॅनिंगसाठी पाने कोपऱ्यातून कशी दुमडायची, तेही करून दाखवलं. पोराच्या जिवात जीव आला. हेच मी केलं असतं तर पत्रात 'एका तरुणाची सेवा करण्याची संधी मिळाली' म्हणून परिच्छेद गेला असता. काका पत्र लिहीत नाहीत. हे खटकतं मला.

कारण माझ्या पत्राला नियम आहेत. 'प्रभू दारं उघडत आहे' हे वाक्य आलंच पाहिजे. संस्थेच्या मासिक अहवालात रकाने तीन: नवे संपर्क, अभ्यासगट, बाप्तिस्मे. रांगेला रकाना नाही. तुंबलेल्या सिंकला नाही. भाषेच्या वर्गाला तर नाहीच, आणि पहिली दोनेक वर्षं दुसरं असतं काय? नीतिमान ठरवणं, प्रायश्चित्त, पुनरुत्थान हे सगळं नव्या भाषेत पाठ असतं, कारण ते पुस्तकात असतं. पण प्लंबरला फोन करून 'पाणी मागे येतंय' एवढं सांगायचं म्हटलं की पदवीधर ईश्वरविज्ञानी फोनवर 'पाणी... परत... जन्म' असं काहीतरी बोलतो. प्लंबर येतो, तेव्हा मात्र घोटभर पाणी पिऊन बायकोच्या आजारपणाचं सांगत तासभर बसतो. तो तास कुठल्या रकान्यात टाकायचा? 'नवे संपर्क' म्हटलं तर पुढच्या महिन्यात विचारतात, त्या संपर्काचं पुढे काय झालं? सिंक मोकळं झालं.

बरं, हे दुखणं जुनंच. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची परवानगी नसताना बंगालात आला आणि पुढच्याच वर्षी मदनाबाटीच्या नीळ कारखान्याचा व्यवस्थापक झाला. म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात नीळ! पुढे 1805 मध्ये मराठी व्याकरण छापणारा तो हाच केरी. पहिला बाप्तिस्मा कृष्ण पालचा, 1800 च्या डिसेंबरात. सात वर्षं. अमेरिकन मिशनरी जडसन ब्रह्मदेशात 1813 मध्ये पोचला, त्याचा पहिला बाप्तिस्मा 1819 मध्ये. आजच्या अहवालात त्या सहा वर्षांचं तिसऱ्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य असं दिसलं असतं आणि कुणीतरी मायेने 'देवाने तुम्हाला केलेल्या बोलावण्याचा पुनर्विचार केलात का?' असं विचारलं असतं. पौलाचं तर विचारूच नका. रोमी सुभेदार फेलिक्सला लाच हवी होती, म्हणून पौल कैसरियात दोन वर्षं कैदेत अडकून पडला. त्याची हकिगत लिहिणाऱ्या लूकने ती दोन वर्षं एका वचनात उरकली (प्रेषितांची कृत्ये 24:27). लूकला मासिक पत्र काढायचं नव्हतं.

यावर कुणीतरी ब्रदर लॉरेन्सचा दाखला देतोच. सतराव्या शतकात पॅरिसमधल्या कार्मेल मठाच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना त्याला देव भेटे, तसा तुम्हाला रांगेत भेटेल. भेटतो की! भेटत नाही असं कोण म्हणतंय? माझी तक्रार देवाबद्दल नाहीच. लॉरेन्सकडे कुणी घासलेल्या भांड्यांचे आकडे मागत नव्हतं, आणि त्याच्या स्वयंपाकघरात दोन आठवड्यांसाठी स्वयंसेवकांची तुकडीही उतरत नव्हती.

तुकडी आली की तिला काम द्यावं लागतं. भाषा येत नाही, त्यामुळे काम एकच, रंगकाम. आमच्या सभेच्या खोलीला दर उन्हाळ्यात रंग बसतो. जुन्या ऑइलपेंटवर 120 नंबरचा सँडपेपर मारून, प्रायमर देऊन मगच पाण्यातला रंग द्यायचा, नाहीतर तो पुढच्या पावसात पापुद्रे होऊन सुटतो. हे सांगून होतं. पण दोन आठवड्यांत घासणार कधी आणि हसरे फोटो काढणार कधी? भिंतीचे पापुद्रे निघतात ते एक परवडलं. दाराच्या कडांवर मात्र थरावर थर बसत गेलेत, आणि आता ते चौकटीत असं अडकतं की खांदा लावल्याशिवाय हलत नाही. रंधा मारायला सुतार बोलवायला हवा. तुकडीचं पत्र गेल्या आठवड्यात आलं, माझ्या पत्रापेक्षा चौपट लोकांनी उघडलेलं. पहिलंच वाक्य आहे, 'प्रभू इथे दारं उघडत आहे.'