कन्हारात गाळ टाकायच्या आधी

उन्हाळा लागला की आमच्या गावच्या ग्रुपवर तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या एकाने दोनदा. मजकूर थोडक्यात असा: विदर्भातली काळी जमीन म्हणजे प्राचीन तलावांचा तळ. तलावातला गाळ हे त्याच मातीचं ताजं रूप, म्हणून तो कुठल्याही शेतात टाका, पाच वर्षं खत लागणार नाही. चिकण माती पाणी धरते, त्यामुळे पाऊस ताणला तरी पीक वाळणार नाही. आणि जमिनीला भेगा पडत असतील तर ती मेली आहे, वाळू नाहीतर जिप्सम टाकून जिवंत करा. शेवटी जोडलेले हात आणि ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोचवा’.

मी पोचवला नाही. कारण पवनी तालुक्यात खरोखरच्या तळ्याच्या तळावर मी नांगर चालवतो. आजोबांच्या काळी तिथे बोडी होती. एका पावसाळ्यात पाळ फुटली, परत कोणी बांधली नाही, हळूहळू बांध्या पडल्या आणि धान लागायला लागलं. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, घरात त्या तुकड्याला अजून ‘बोडी’च म्हणतात. दुसरीकडे मोठी ताई वर्धा जिल्ह्यात दिली आहे, तिथे दहा-बारा फूट खोल कन्हार, म्हणजे भारी काळी जमीन. दोन्ही माती हातात घेतली तर रंग सारखा, चिकटपणा जवळजवळ सारखा. मेसेज लिहिणारा इथेच फसला असावा.

ताईकडे शेततळं खोदत होते तेव्हा मी खड्ड्यात उतरून पाहिलं होतं. वरपासून खालपर्यंत एकच काळी माती, थर असा कुठे नाही. तीन फुटांखाली तिरप्या, चकचकीत भिंती दिसतात, तळहाताने घोटून काढल्यासारख्या. माती फुगते, आकसते, एकमेकीवर घासते, त्याची ती खूण. पांढरे चुनखडे मधूनमधून, आणि तळाशी भुसभुशीत मुरूम, म्हणजे कुजलेला बेसाल्टच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा हा खडक झिजून ही माती झाली, कुठे जागच्या जागी, कुठे उतारावरून आणि नाल्यांनी वाहून येऊन सखलात साचली. त्यात तळं लागत नाही.

आमच्या बोडीत मागल्या वर्षी खांबासाठी खड्डा घेतला, तर चित्र वेगळंच. दोन फुटांवर निळसर करडी माती, जुन्या मुळांच्या वाटेने गंजाच्या रंगाच्या रेघा, बारीक शंख, आणि मध्येच बोटभर जाडीचा वाळूचा पट्टा. कुठल्यातरी मोठ्या पुराने आणून टाकलेला. पाण्याखाली हवा नसते, तिथे मातीतल्या लोहाचा रंग उडतो, म्हणून ते करडेपण. हे थर अजून टिकलेत. ताईच्या कन्हारात असे थर असते तरी भेगांमधून वरची माती खाली पडून पडून कधीच मोडले असते. हा मुद्दा मी प्रामाणिकपणे मान्य करतो, पण थर मोडले तरी शंख, वाळू, काहीतरी राहिलं असतं की.

आता, मेसेजवाल्याची फार थट्टा करण्यात अर्थ नाही. काळी माती तळ्यात साचली असावी असा तर्क एकोणिसाव्या शतकात काही इंग्रज भूशास्त्रज्ञांनीही केला होता. आणि विदर्भात जुनी तळी होती हे खरंच आहे. ज्यांच्या नावाने नागपुरात कॉलेज आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी टाकळीला लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे जीवाश्म शोधले. पण त्या तळ्यांचा गाळ आता दगड झाला आहे. त्यावर पऱ्हाटी उगवत नाही. तळ्याच्या तळाची शेतीलायक माती पाहायची तर झाडीपट्टीत या, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत. कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी बांधलेले हजारो मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, इथे आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोकळ्या तळात लोक गाळपेर करतात.

‘कुठल्याही शेतात टाका’ या मुद्द्यावर मात्र मला थोडं बसायचं आहे, कारण त्यात आमच्या भाऊजींचे पैसे गेले.

आधी एक बाटली घ्या. मूठभर गाळ टाका, वरून पाणी भरा, जोरात हलवा आणि ओट्यावर ठेवा. जाड वाळू मिनिटाच्या आत तळाला बसते. पोयटा तास-दोन तासात. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा कण मात्र १० सेंटिमीटर खाली यायला सुमारे आठ तास घेतो, त्याहून बारीक कण दुसऱ्या दिवशीही तरंगत असतात. तलावात हेच होतं, फक्त मोठ्या प्रमाणावर. येव्याकडून नाल्याचं पाणी शिरलं की वेग मोडतो, वाळू तिथेच पडते. बारीक चिकणमाती पाळीपर्यंत पोचते आणि संथ पाण्यात सावकाश बसते. म्हणून एकाच तलावाच्या एका टोकाला वाळूसर माल, मध्ये पोयटा आणि पाळीजवळ शुद्ध लोणी. ट्रॉलीवाला जिथे जेसीबी उभा आहे तिथला भरून देतो. त्याला ‘गाळ’ एकच.

पाणलोट कुठल्या खडकाचा आहे यावरही गाळ ठरतो. बेसाल्ट संपतो तो नागपुरातच: सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची, तिथून पूर्वेला वैनगंगेकडे जुने नीस आणि ग्रॅनाइट. तिकडच्या तलावात क्वार्ट्झची वाळू जास्त येते, पश्चिमेच्या तलावात फुगणारी चिकणमाती.

भाऊजींनी तीन वर्षांपूर्वी पाळीजवळचाच काळा लोण्यासारखा गाळ उचलला आणि कन्हाराच्या एका एकरात पसरला. मला फोन केला, “साळेबुवा, यंदा युरिया बंद!” एकरभर एक इंचाचा थर द्यायचा म्हणजे सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माल. तलावातला गाळ फुकट होता, डिझेल आणि ट्रॉली फुकट नव्हती. आधीच साठ टक्क्यांच्या आसपास चिकण असलेल्या जमिनीवर आणखी चिकण. जुलैत झड लागली. शेजारच्या धुऱ्यात वापसा, म्हणजे मशागतीजोगी बेताची ओल, आला, यांच्या एकरात पाय रुततच होता. डवरणी दहा दिवस मागे पडली, सोयाबीन पिवळं पडलं आणि तणाने मजा केली. ताई तेव्हा काही बोलली नाही, त्यामुळे भाऊजींना जास्त लागलं असेल.

खताचा हिशोबही मेसेजमध्ये गंडलेला आहे. पाण्याखालच्या गाळात नायट्रेट टिकत नाही. हवा नसली की जिवाणू त्याचा वायू करून उडवून देतात. जो नत्र उरतो तो सेंद्रिय रूपात, सावकाश सुटणारा. स्फुरद चिकणमातीला आणि चुन्याला धरून बसतो, पिकाला लगेच मिळत नाही. काळा रंग म्हणजे खत, हाही भ्रमच. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास घुटमळतो. तो थोडासाच ह्यूमस स्मेक्टाइट नावाच्या चिकणखनिजाला घट्ट चिकटून माती काळी दिसते. गाळाची खरी कमाई मुरमाड, बरड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत आहे. तिथे तो पाणी आणि अन्नद्रव्यं दोन्ही धरून ठेवायला जागा देतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ ची योजना मला पटते ती त्यासाठी. बरडावर टाका, उन्हात ढेकळं वाळू द्या, पहिल्या पावसात ती आपोआप फुटतील, मग वखर. त्यासोबत शेणखत आणि बेताचं रासायनिक खत लागणारच.

पाणी धरते, बरोबर. पण कोणासाठी धरते? भारी चिकण मातीत वीसेक टक्के ओलावा शिल्लक असतानाच पीक माना टाकतं. एवढा ओलावा वाळूत असता तर आपण तिला ओलीचिंब म्हटलं असतं. चिकणमातीच्या बारीक पोकळ्यांत पाणी इतकं घट्ट अडकलेलं असतं की मुळाला ओढून घेता येत नाही. त्यात सप्टेंबरअखेर जमीन उलायला लागली की भेगांच्या दोन्ही भिंतींतून ओल उडते आणि आडवी मुळं तुटतात. हरभरा, लाखोळी, जवस या जमिनीच्या साठ्यावर येतात, हे कबूल, आणि बोडीतली माझी लाखोळी तर न सांगता येते. पण ती खाली ओल असताना, वेळेवर पेरली तर. या मातीला वापसा दोन-चार दिवसांचा. आज चिखल, परवा वीट. मधल्या त्या दिवसांत बैल किंवा ट्रॅक्टर मिळाला नाही तर पाऊस कितीही झाला असला तरी हंगाम गेला.

भेगा म्हणजे मेलेली जमीन, हे वाक्य वाचून मला हसू आलं होतं. भेगा पडणं हा या मातीचा स्वभाव. आपल्या मे महिन्यातल्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. जूनचा पहिला मोठा पाऊस त्यांतूनच खाली उतरतो आणि जमीन खालून भिजते. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि त्यानंतर वरून पाणी मुरणं जवळजवळ बंद होतं. म्हणून पहिल्या पावसाआधी उगाच सगळ्या भेगा बुजवण्यात शहाणपण नाही. भेगांची काळजी करायची ती उभ्या पिकात. डवऱ्याचा एक फेर दिला की वरची दोन-तीन इंच माती मोकळी होऊन भेग झाकते. एवढंच.

वाळूचा हिशोब सरळ आकड्यांचा आहे. एका एकराच्या वरच्या सहा इंच मातीचं वजन सुमारे ९ लाख किलो. साठ टक्के चिकण चाळीसवर आणायची तर निम्म्या वजनाची, म्हणजे साडेचार लाख किलो वाळू लागेल. शंभर ब्रास. फक्त सहा इंचांसाठी! चार ट्रॉल्या टाकल्या तर चिकणमातीत वाळू रुतून बसते आणि ढेकूळ आणखी टणक होतं. विटा पाडणाऱ्याला विचारा.

जिप्समचं तसं नाही, ते औषध आहे, पण एका रोगाचं. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, मातीत सोडियम जास्त आहे. ती जमीनही तळ्याची नाही, नदीच्या गाळाची. सोडियममुळे चिकणकण एकमेकांपासून सुटतात, छिद्रं बुजतात, जमीन चोपण होते. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. मात्र हुसकावलेला सोडियम वाहून जायला चर हवेत आणि गोड पाणी हवं, त्या पट्ट्यात नेमकी त्याचीच बोंब. सोडियम नसलेल्या साध्या कन्हारात जिप्समचं पोतं टाकून भेगा बंद होत नाहीत.

तळ्याची माती म्हटली की सगळीकडे एकच, असंही नाही. पांपोरचं केशर काश्मीरच्या करेव्यांवर येतं, ते प्राचीन सरोवराचेच थर. मेक्सिको सिटी टेस्कोको तलावाच्या चिकणमातीवर उभी आहे आणि काही भागांत वर्षाला फूट-दीड फूट खचते. घरचं उदाहरण हवं तर लोणार: तळाचा गाळ भरपूर, पण पाण्याचा सामू दहाच्या आसपास. तो गाळ शेतात टाका, असं मेसेजवालाही म्हणणार नाही. म्हणेलही.

यंदा भाऊजींनी ताईच्या सांगण्यावरून आधी मला विचारलं. त्यांच्याकडे टेकडीच्या अंगाला एक एकर बरड आहे, तिथे गाळ टाकायचा आहे. मी म्हटलं, तलावाच्या मधला घ्या, पाळीचा नको. आणि एक ढेकूळ बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यात टाकून ठेवा, हलवू नका. साधं ढेकूळ फुटून खाली बसतं आणि वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ राहतं. सोडियमवालं ढेकूळ दुधाळ धूर सोडत राहतं. तिसऱ्या दिवशी फोन आला.

“अजून गढूळच आहे बा.”

ट्रॉल्या थांबवल्या आहेत. नमुना माती परीक्षणाला दिला आहे.