खुराड्यातली शिकार? ‘भीमाकाठ’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

इंग्लंडमधल्या रटलंड वॉटर या जलाशयावरच्या नोव्हेंबरातल्या मासेमारीबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्यावर ‘भीमाकाठ’ या टोपणनावानं एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. ती उडवलेली नाही, तशीच ठेवली आहे. तिथंच खाली दोन ओळी लिहून विषय संपवला असता, पण आलेला राग दोन ओळींत मावणारा नाही. म्हणून हे वेगळं उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुरुवात अशी: ‘साहेब, लेख छान. पण ट्रकमधून आणून सोडलेले मासे गळाला लावणं म्हणजे खुराड्यात शिरून कोंबडीची शिकार. आमच्या उजनीवर या, मग कळेल मासेमारी काय असते.’ पुढे आणखी तक्रारी आहेत. परवान्याची माहिती अर्धवट दिली, खोलातून वर काढलेला पर्च (अंगावर काळे पट्टे असलेला तिथला एक मासा) परत सोडला तरी जगत नाही, एवढ्या थंडीत बोटीवर जाणं हा बेजबाबदारपणा. शेवटी ‘विलायतेला गेलं की माणूस आपली नदी विसरतो’, आणि त्यापुढे हसणारे तीन चेहरे.

आधी त्या चेहऱ्यांबद्दल. मुद्द्यात दम असला की माणूस तो सरळ मांडतो. ‘साहेब’ म्हणून सुरुवात करायची, ‘लेख छान’ म्हणून पाठ थोपटायची आणि तिसऱ्या वाक्यात टोपी उडवायची, ही पद्धत मला नवी नाही. आमच्या गावच्या पारावर ती रोज चालायची. पण पारावर निदान माणूस समोर बसलेला असायचा, स्वतःच्या नावानं बोलायचा. तुम्ही टोपणनावाआडून बोलता आणि वर मला नदी विसरलास म्हणता. असो.

एक गोष्ट तुमची बरोबर आहे, ती मोकळेपणानं मान्य करतो. परवान्याचं मी एका वाक्यात उरकलं होतं. इंग्लंडमध्ये दोन वेगळे कागद लागतात. तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला एन्व्हायर्नमेंट एजन्सी या सरकारी संस्थेचा गळाचा परवाना लागतो आणि त्याशिवाय त्या जलाशयाचं त्या दिवसाचं तिकीट. एक आहे म्हणून दुसरं नको, असं चालत नाही. मूळ लेखात तशी ओळ घातली आहे. आभार.

आता खुराडं.

रटलंड वॉटरमध्ये रेनबो ट्राउट सोडतात, हे मी लपवलं कुठे होतं? लेखाच्या दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं आहे. रेनबो हा मुळातला उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा आणि पॅसिफिकपलीकडच्या आशियाचा मासा, इंग्लंडात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणला. इथल्या पाण्यात तो स्वतःहून फारसा वाढत नाही, म्हणून मत्स्यकेंद्रात वाढवून सोडावा लागतो. इथपर्यंत तुमचं माझं एकमत. पण तुम्ही ज्याला खुराडं म्हणता ते आहे केवढं, याचा तरी विचार करायचा होता. १९७० च्या दशकात एम्पिंगहॅमला ग्वॉश नदी अडवून आणि वेलंड व नेन या नद्यांचं पाणी पंपानं आणून केलेला हा जलाशय. पाण्याचा पसारा सुमारे ३,१०० एकर. मधोमध हॅम्बलटनचं भूशिर घुसलेलं, त्याच्या दोन्ही अंगांना दोन फाटे, आणि धरणाकडे खोल मोकळं पाणी. पश्चिमेचा वारा लागला की त्या मोकळ्या भागात अशा लाटा उठतात की बोटीत उभं राहायची सोय उरत नाही. या खुराड्यात कोंबडी शोधून दाखवा.

आणि शोधायचं कुठे, हाच तर नोव्हेंबरचा सगळा खेळ आहे. तुम्ही लेख वाचलात म्हणता, तो भाग बहुतेक गाळलात. पुन्हा सांगतो.

पर्च वसंतात अंडी घालतो, जाळीदार पट्ट्यांसारखी, पाणवनस्पतींवर नाहीतर बुडालेल्या फांद्यांवर. त्याला कोणी ट्रकमधून आणत नाही, हे जाता जाता. शरदापर्यंत ती पिल्लं बोटाच्या दोन पेरांएवढी होतात आणि उन्हाळाभर पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतात. थंडी पडली की वनस्पती कुजून खाली बसतात, आडोसा जातो, आणि पिल्लांचे थवेच्या थवे उघड्यावर येतात. ट्राउट त्यांच्या मागावर असतो. मोठे पर्चही असतात, त्यांना स्वतःची जात खायला काही वाटत नाही. ट्राउट थव्यात मुसंडी मारतो, चार पिल्लं सुन्न होऊन तरंगतात, मग तो सावकाश वळून ती टिपतो. म्हणून तरंगणाऱ्या पिल्लासारखी दिसणारी फोमची ‘माशी’ (गळाला बांधलेलं खोटं आमिष) हालचाल न करता नुसती पाण्यावर ठेवली तरी चालते, फक्त माणसाकडे धीर पाहिजे. हे काठाजवळ, धक्क्यांपाशी. थंडी आणखी वाढली की थवे खोलात सरकतात आणि ट्राउट त्यांच्यामागे खाली जातो. आज बारा फुटांवर, उद्या पंचवीस.

तर बोट वाऱ्याला आडवी सोडायची. मागून ड्रोग, म्हणजे पाणी धरून ठेवणारं दणकट कापड, दोरीला बांधून टाकायचं, म्हणजे बोट धावत सुटत नाही. बुडणारी दोरी फेकायची आणि मोजायला लागायचं. डीआय-७ नावाची दोरी सेकंदाला साधारण सात इंच बुडते, वीस मोजले की अकरा-बारा फूट. वीसवर काही नाही? पुढच्या फेकीला तीस. तिथं एकदा नुसता धक्का लागला, की दिवसभर तो आकडा तोंडात. ओढत ओढत माशी बोटीपाशी आली की लगेच उचलायची नाही, उभ्या दोरीवर तिथंच टांगून धरायची. मागोमाग आलेला ट्राउट बऱ्याचदा तिथं घेतो, तुमच्या पायांखाली, आणि तुम्ही तोवर गरम चहाचं झाकण उघडायला एक हात सोडलेला असतो. हा अनुभव खुराड्यात येतो का मला माहीत नाही, मी कधी शिरलो नाही.

अजून पुरावा हवा असेल तर चमचा बघा. इथं गळकऱ्यांकडे एक लांब, अरुंद, पन्हाळीसारखा चमचा असतो. खायला ठेवलेल्या ट्राउटच्या घशातून तो पोटापर्यंत सरकवून फिरवायचा आणि बाहेर काढायचा. मासा काय खात होता ते समोर येतं. नोव्हेंबरात त्या चमच्यावर पर्चची पिल्लं येतात, एकाला एक चिकटलेली, काहींचं डोकं विरघळलेलं, पण अंगावरचे काळे पट्टे अजून स्पष्ट. शेपटीच्या बाजूनं आत गेलेली क्वचितच, बहुतेक डोक्याकडून गिळलेली, कारण पर्चच्या पाठीवरचा काटा उलटा लागला तर गिळवत नाही. मत्स्यकेंद्रात गोळ्या खाऊन वाढलेल्या माशाला काट्याचा मासा कुठल्या बाजूनं गिळायचा हे कोण शिकवतं? त्या पाण्यात काही महिने काढल्यावर तो सोडलेला राहत नाही. तिथला होतो. (इंग्लंडात येऊन वर्षानुवर्षं राहिलेल्या माझ्यासारख्याला हे वाक्य लिहिताना बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.)

आता उजनी. मला उजनीवर बोलावता? अहो, ते धरण आमच्या घरावरून गेलं आहे. जुनं गाव पाण्याखाली गेलं तेव्हा आजोबांनी घराच्या चौकटी काढून नव्या गावठाणात बैलगाडीनं नेल्या, त्यातली एक अजून आमच्या चुलतभावाच्या दाराला आहे. दुष्काळी वर्षात पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं, मग पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येतात. आमच्याकडे त्या दिवसांत म्हातारी माणसं फारशी बोलत नसत. भिगवणच्या बाजारात चिलापीची पाटी डोक्यावर घेऊन मी आजीबरोबर उभा राहिलो आहे. मरळ कसा धरायचा, शिंगाडा माशाचा काटा कसा मोडायचा, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. त्यामुळे ‘आपली नदी विसरला’ हे वाक्य लिहिताना तुम्ही कोणाला लिहिताय याची थोडी चौकशी केली असती तर बरं झालं असतं.

आणि उजनीचंच काढलंत म्हणून विचारतो: तिथला कटला कुठून आला? रोहू कुठून आला? हे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांची बोटुकली पिशव्यांतून आणून दरसाल धरणात सोडतात, कधी सरकारी खात्याकडून, कधी ठेकेदाराकडून. चिलापी तर आफ्रिकेची. तुमच्या न्यायानं भिगवणच्या हॉटेलांतली सगळी ताटं खुराड्यातलीच म्हणायची. लोणावळ्याला वळवणच्या तलावापाशी टाटांच्या केंद्रात कित्येक वर्षं महसीर वाढवतात आणि ती पिल्लं नद्या-तलावांत सोडतात. त्याला आपण संवर्धन म्हणून टाळ्या वाजवतो. इंग्लंडात तेच केलं की खुराडं? उजनीत सोडलेलं चालतं आणि रटलंडमध्ये सोडलेलं चालत नाही, हा हिशेब मला समजत नाही.

जाळं टाकणाऱ्या भोयाला जे येतं ते मला येत नाही, आणि मी तसं कधी म्हटलेलंही नाही. पोटासाठी पहाटे पाण्यात उतरणं आणि तिकीट काढून दिवसभर बोटीत बसणं एक नव्हे. पण तुम्ही भोई आहात असं तुमच्या प्रतिक्रियेवरून वाटलं नाही. तुम्ही उजनीच्या काठावर बसून फोनवर लिहिणारे आहात. माझ्यासारखेच.

बाकीचं भराभर.

पर्चच्या फुग्याबद्दल. ट्राउटला पोटातली हवा तोंडावाटे सोडता येते, पर्चला येत नाही, त्यामुळे खोलातून झटकन वर आला की त्याचा फुगा, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, फुगते. हे मला ठाऊक आहे. फोटोतला पर्च उथळातला होता. पुढे.

थंडीबद्दल. लाइफ जॅकेट सगळेच घालतात, वारा जास्त असला तर धक्क्यावरचे लोक बोट देतच नाहीत. काळजीबद्दल धन्यवाद.

बोट भाड्याची का, स्वतःची का नाही, असंही तुम्ही मध्येच कुठेतरी विचारलं आहे. २०१० साली याच भागातल्या ग्रॅफहॅम वॉटर जलाशयात ‘किलर श्रिम्प’ नावाची कोळंबीसारखी परदेशी जात सापडली, ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच. ती ओल्या जाळीत, बुटात, बोटीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात टिकून एका जलाशयातून दुसऱ्यात जाते. तेव्हापासून तपासा, धुवा, वाळवा असा नियमच इथं अंगवळणी पडला आहे. तिथलीच बोट तिथंच वापरली की निम्मी कटकट मिटते. हा प्रश्न चांगला होता, तेवढाच विचारला असतात तर हे सगळं लिहावं लागलं नसतं.

तुम्ही उजनीवर बोलावलंत, तर मीही बोलावतो. इंग्लंडला कधी आलात तर कळवा, बोट दोघांची असते आणि मला जोडीदाराची गरज असतेच. फक्त नोव्हेंबरात या. एप्रिलात नको, तेव्हा नुकताच सोडलेला मासा धक्क्याजवळ घोळका करून असतो आणि काहीही समोर टाकलं तरी तोंडात धरतो. त्या दिवसांत आलात तर तुमचंच खरं मानून परत जाल. लाइफ जॅकेट तिथं मिळतं, गरम मोजे तुमचे तुम्ही आणा.