पाच मिनिटं लंगडून टक्के मिळत नाहीत

महिनाभरापासून एक मेसेज आमच्या भागातल्या ग्रुपवर फिरतो आहे. मला तो पाच ठिकाणांहून आला, त्यातले दोन ग्रुप तर नात्यातलेच. मजकूर असा: "दिव्यांग सर्टिफिकेट म्हणजे निव्वळ धंदा. डॉक्टरसमोर पाच मिनिटं लंगडलं की टक्के मिळतात. मग घरबसल्या महिन्याला अडीच हजार आणि एसटी फुकट. एकदा कार्ड निघालं की जन्मभर चिंता नाही. गावात बघा, चांगले धडधाकट लोक पगार उचलतात. तपासणी कडक करा, सगळे बोगस आपोआप पळतील."

मी तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दिव्यांग प्रमाणपत्राचे अर्ज रोज भरते. माझा धाकटा भाऊ सिकलसेल या रक्ताच्या जन्मजात आजाराचा रुग्ण आहे, एसएस पॅटर्नचा, म्हणजे नुसता वाहक नाही, पूर्ण आजार असलेला. त्याला घेऊन मी स्वतः दोनदा बोर्डासमोर, म्हणजे टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळासमोर, गेले आहे. या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर द्यायला मला कुठलं पुस्तक उघडावं लागत नाही.

"पाच मिनिटं लंगडलं की टक्के मिळतात."

हे लिहिणाऱ्यानं तपासणीची खोली पाहिलेली नाही. हाडांचे डॉक्टर माणूस कसा चालतो एवढंच बघून टक्के लिहीत नाहीत. सांधा किती अंशांत वाकतो ते कोनमापकानं मोजतात, स्नायूची ताकद शून्य ते पाच अशा श्रेणीत तपासतात, एक्स-रे बघतात. लंगडणाऱ्याचा गुडघा टेबलावर झोपवल्यावर पूर्ण वाकला की लंगडणं तिथंच संपतं. कानासाठी ऑडिओमेट्री असते, आणि माणूस खरं बोलत नाही अशी शंका आली किंवा लेकरू लहान असलं तर बेरा करतात. त्यात मेंदूपर्यंत आवाज पोचतो का हे यंत्र सांगतं, पेशंटला विचारावं लागत नाही. मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांकाची चाचणी होते, आईला बसवून लेकरू स्वतः जेवतं का, कपडे घालतं का असे प्रश्न विचारतात.

आणि टक्के डॉक्टरांच्या मर्जीवर नसतात, केंद्र सरकारचे तक्ते ठरलेले आहेत. ते किती कडक आहेत ते ऐका. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर ३० टक्के. अंगठा मुळातून गेला, तर ३० टक्के. योजनांसाठी लागतात किमान ४०. माझ्याकडे एक शेतमजूर आला होता, सोयाबीनच्या हडंब्यात, म्हणजे मळणी यंत्रात, त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेलेला. विळा धरता येत नाही, कुऱ्हाड धरता येत नाही, बैलाचा कासरा डाव्या हातानं ओढतो. प्रमाणपत्र निघालं ३० टक्क्यांचं. तो मला विचारत होता, "ताई, मंग आता ह्याचं काय करू?" मजुरी गेली, पण तक्त्याच्या हिशोबानं तो पुरेसा दिव्यांग नाही.

दोन प्रकारचं अपंगत्व असलं तरी बेरीज सरळ होत नाही. ३० आणि ३० चे ६० धरून लोक माझ्याशी भांडतात. सूत्र वेगळं आहे: मोठ्या आकड्यात दुसऱ्याचा काही भागच मिळवतात, आणि ३० अधिक ३० चे ५० होतात. नाटक करून हे सूत्र फिरवता येत नाही.

आता माझ्या भावाचं सांगते, कारण "चांगले धडधाकट लोक" हे वाक्य त्याच्यासारख्यांवरच येऊन पडतं.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले आणि त्यात सिकलसेल आलं, थॅलेसेमिया आलं, हिमोफिलिया आलं. सिकलसेल विदर्भाला नवीन नाही. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, कुठंही जा, आदिवासी पाड्यावर आणि दलित वस्तीत या आजाराचं घर सापडतंच. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि मग हाडं, छाती, पोट असं दुखतं की उभा माणूस आडवा होतो. दुखणं थांबलं की तोच माणूस चार दिवसांनी सायकलवर दिसतो. खुब्याचं हाड आतून झिजत असलं तरी बाहेरून काही कळत नाही. नुसता वाहक असेल, म्हणजे एएस पॅटर्न, तर त्याला दिव्यांग धरत नाहीत. कुणाचा पॅटर्न कोणता हे ठरवायला एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या चाचणीचा रिपोर्ट लागतो. रक्ताचा रिपोर्ट लंगडून बदलत नाही.

पहिल्या वेळी आम्ही डिसेंबरात गेलो. पहाटे पाचची एसटी, काच न लागणारी खिडकी. थंडी आणि अंगात पाणी कमी पडणं, हे दोन्ही सिकलसेलच्या पेशंटला वाईट. पण दवाखान्यातल्या त्या मजल्यावरच्या संडासाला कुलूप होतं, म्हणून भावानं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. बाटली माझ्या पिशवीत भरलेली तशीच होती. दीड वाजता नंबर लागला. डॉक्टरांनी वर पाहिलं, म्हणाले, "काय रे, चांगला तर दिसतोस. सध्या काही त्रास?" भाऊ म्हणाला, "नाही सर, आज चांगला आहो."

खरं तेच बोलला. आमच्याकडं तेव्हा रिपोर्ट होता, पण वर्षभरातल्या भरतीचे कागद धड नव्हते. एक डिस्चार्ज कार्ड पावसात भिजलेलं, दोन वेळा खासगीत सलाईन लावलेलं, त्याची चिठ्ठीसुद्धा नाही. टक्के आले चाळीसच्या खाली. परतीच्या गाडीत आई त्याला म्हणाली, "थोडासा कन्हला असता तं काय बिघडलं असतं?" तो म्हणाला, "माय, खोटं काऊन बोलू?" त्याच रात्री त्याला मांड्यांमध्ये कळा सुरू झाल्या आणि सकाळी आम्ही त्याला भरती केलं. पहाटेची थंडी आणि दिवसभराचं कोरडं पोट त्याला बाधलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पुढच्या वर्षी आम्ही प्रत्येक भरतीचा कागद, रक्त चढवल्याची प्रत्येक नोंद प्लास्टिकच्या फाइलीत लावून नेली. तेव्हा चाळीसच्या वर गेला. माणूस तोच, आजार तोच. नाटक त्यानं दोन्ही वेळा केलं नाही.

"घरबसल्या महिन्याला अडीच हजार."

प्रमाणपत्र वेगळं आणि पैसे वेगळे, हे आधी समजून घ्या. कार्ड निघालं म्हणून कुणाच्या खात्यात एक रुपया येत नाही. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला निराळा करावा लागतो. दिव्यांगाच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत लागतं, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या थोडंसं वर. त्याचा तहसीलचा दाखला, १५ वर्षांच्या रहिवासाचा पुरावा, मग समितीची बैठक, मग आधारशी जोडलेलं खातं, मग दर वर्षी हयातीचा दाखला. एखाद्याच्या बोटाचे ठसे कामानं झिजलेले असतात, यंत्र घेत नाही, आणि पैसे अडकतात. माझ्या टेबलासमोर असे लोक आठवड्यातून दोन-तीन तरी बसलेले असतात.

रक्कमही काही कुणी खिरापत म्हणून वाटलेली नाही. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरीला दिव्यांगांसाठी आंदोलन करणारे नेते बच्चू कडू उपोषणाला बसले तेव्हा दिव्यांगांसाठी मागणी महिन्याला ६००० ची होती. तेव्हा मिळत होते १५००. त्यानंतर सप्टेंबरात मंत्रिमंडळानं हजार रुपये वाढवले आणि २५०० झाले. केंद्राची दिव्यांग पेन्शन तर दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांनाच आहे, आणि ती ३०० रुपये आहे. २०१२ पासून तेवढीच.

"एसटी फुकट" हेही सरसकट खरं नाही. सिकलसेल, हिमोफिलियासारख्या काही आजारांच्या रुग्णांना प्रवास मोफत आहे, पण बाकीच्या दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, उरलेले पैसे द्यावेच लागतात. आणि ती सवलत मिळते प्रमाणपत्र निघाल्यावर. तपासणीला जाताना मात्र ती नसते, सोबतच्यालाही नाही. सिरोंच्याहून गडचिरोली साधारण २०० किलोमीटर आहे. तिथल्या माणसाला एका फेरीत तपासणी उरकत नाही. बोर्डाचे दिवस ठरलेले, आणि त्या दिवशी नेमके कानाचे डॉक्टर रजेवर असले की परत या. बेराचं यंत्र बंद असलं की नागपूरला जा. सोबत जाणाऱ्याची त्या दिवसाची कापूस वेचणीची मजुरी बुडते ती वेगळीच. अर्ज केल्यापासून एका महिन्यात प्रमाणपत्र द्यायची मुदत होती, ऑक्टोबर २०२४ मध्ये नियम बदलून ती तीन महिने केली. घरबसल्या म्हणणाऱ्यांनी एकदा पोलिओच्या पेशंटला पाठीवर घेऊन जिना चढून बघावा. मी दोन तरुणांना आपल्या बापाला तसं नेताना पाहिलं आहे. खालच्या मजल्यावर तपासणी घ्या, एवढं म्हणायलासुद्धा तिथं कुणी सापडत नव्हतं.

"एकदा कार्ड निघालं की जन्मभर चिंता नाही." नाही. ज्या अपंगत्वात बदल होऊ शकतो, त्याचं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. सिकलसेलचं आधी एकेका वर्षाचं मिळायचं, पाच वर्षांवरच्या रुग्णांसाठी ते पुढे तीन वर्षांचं केलं. मुदत संपली की परत तोच प्रवास, तीच रांग. हा आजार जन्माबरोबर येतो हे ठाऊक असूनही.

आता बोगस प्रमाणपत्रांचं. ती नाहीत असं मी म्हणणार नाही. आहेत, आणि त्यांची चीड आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त येते, कारण त्यातली प्रत्येक जागा आमच्यातल्याच कुणाच्या तरी हक्काची असते. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं, तेव्हापासून तर कुठल्याही दिव्यांगाकडं लोक संशयानंच बघतात. पण जरा हिशोब करा. खोटं प्रमाणपत्र काढायला जो पैसा आणि ओळख लागते, ती कुणाकडं असते? आणि तो ती कशासाठी खर्च करेल? सरकारी नोकरीत दिव्यांगांना ४ टक्के आरक्षण आहे, उच्च शिक्षणात ५ टक्के. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत विशेष संवर्गाला, ज्यात दिव्यांग शिक्षकही येतात, सोयीचं गाव आधी मिळतं. खोट्याचा फायदा तिथं आहे. ५० हजारांच्या आतलं उत्पन्न दाखवून, तहसीलच्या चकरा मारून, २५०० रुपयांसाठी तो माणूस रांगेत उभा राहत नाही. तुम्ही मात्र मेसेज पाठवता तो रांगेतल्या माणसावर. खोटं प्रमाणपत्र एकट्या पेशंटच्या नाटकानं निघत नाही, त्यावर सही लागते. ती सही कुणी केली हे विचारणारा मेसेज मला अजून एकदाही आलेला नाही.

तुम्हाला खरंच कुणी बोगस माहीत असेल, तर ग्रुपवर कुजबुज कशाला? २०१६ च्या कायद्याच्या कलम ९१ मध्ये फसवून लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जिल्हा शल्यचिकित्सकांकडे लेखी द्या, पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथं द्या. फेरतपासणी होईल. पण तुमचा "धडधाकट" माणूस सिकलसेलचा, हिमोफिलियाचा किंवा मानसिक आजाराचा निघाला, तर त्याच्या घरी जाऊन माफी मागायची तयारीही ठेवा.

"तपासणी कडक करा, आपोआप पळतील." कोण पळेल ते मी रोज बघते. ज्याच्याकडं दुसऱ्यांदा जायला तिकिटाचे पैसे नाहीत तो पळतो. ज्या बाईला नवरा सोबत येत नाही ती पळते. मागच्या वर्षी एका आजीनं अर्धा भरलेला अर्ज माझ्या टेबलावरून उचलला आणि म्हणाली, "राहू दे बाई, आता मी काय परत जातो." तिला दोन्ही कानांनी ऐकू येत नव्हतं, मी हे सगळं तिला पाटीवर लिहून विचारत होते. कडक करायचंच असेल तर डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरा, बेराचं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात चालू ठेवा, बोर्ड तालुक्याला आणा. तपासणी नीट झाली तर खोटा तिथंच सापडतो आणि खऱ्याला दोनदा जावं लागत नाही.

ज्यांची तारीख आली आहे, त्यांच्यासाठी थोडं. दवाखान्याचा एकही कागद फेकू नका, चिठ्ठी असली तरी. तारखांप्रमाणे लावा, झेरॉक्स वेगळी, मूळ वेगळं. पाणी आणि भाकर सोबत घ्या. टक्के पटले नाहीत तर त्याच कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं, तिथंच रडत घरी येऊ नका. आणि डॉक्टरांनी "सध्या काही त्रास?" असं विचारलं, तर आजचं सांगून थांबू नका. वर्षभराचं सांगा.